बिलाचे पैसे लवकर हातात आले तर धंद्यात नेमकं काय बदलतं?

भोसरीकर

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी अशी संगणकावर चालणारी मशीन, कोपऱ्यात वडिलांच्या काळातली लेथ. गिअरबॉक्सचे शाफ्ट आणि बुश करून देतो, मटेरियल आमचंच. महिन्याचं बिलिंग जीएसटी सोडून सरासरी ६ लाख. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) ६० दिवस लिहिलेले असतात, पैसे येतात ९० दिवसांनी. म्हणजे कुठल्याही दिवशी पाहा, १८ लाख रुपये लोकांकडे अडकलेले.

आता देण्याच्या तारखा बघा. ७ तारखेला पगार. महावितरणचं बिल थांबत नाही. २० ते २५ तारखेच्या दरम्यान जीएसटी, आणि तो बिल फाडलं की लागू. पैसे आले का, हे कुणी विचारत नाही. ६ लाखांवर १८ टक्क्यांनी १ लाख ८ हजार होतात. स्टीलच्या बारवर आणि टूल्सवर आधीच भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट वजा जाता ५०-५५ हजार खिशातून भरायचे, गिऱ्हाइकाने अजून एक रुपया दिलेला नसताना.

स्टीलवाल्याचे दोन भाव असतात. रोखीत ७० रुपये किलो, तर ४५ दिवसांच्या उधारीवर ७२. दोन रुपयांचं काय एवढं, असं वाटतं. पण ७० वर ४५ दिवसांसाठी २ रुपये म्हणजे वर्षाला २३ टक्क्यांच्या आसपास पडतात. बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट कर्ज) ११ टक्क्यांनी आहे, पण लिमिट कायम टेकलेली. मग महागातलं कर्ज स्टीलवाल्याकडून काढायचं, दुसरा इलाज नाही.

एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास. पैसा पोचायला वेळ लागतच नाही, सुटायलाच लागतो. तर प्रश्न असा, की तुमच्यापैकी ज्यांचं येणं कुठल्याही मार्गाने लवकर व्हायला लागलं, त्यांच्या धंद्यात काय फरक पडला? 'खेळतं भांडवल मोकळं होतं' हे पुस्तकातलं उत्तर नको. प्रत्यक्षात काय झालं ते लिहा.

पलीकडच्या_टेबलावरचा

मी एका मोठ्या कंपनीत व्हेंडर पेमेंट बघतो. तुम्ही ज्याला शिव्या घालता तो मीच.

तुमचे ६० दिवस आणि प्रत्यक्षातले ९०, यातले मधले ३० कुठे जातात ते सांगतो. माल गेटवर येतो, एंट्री होते. स्टोअर्स जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करतं, पण क्यूसीने (तपासणी विभागाने) पास केल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. क्यूसीचा माणूस लाइनवर अडकलेला असला तर चार-पाच दिवस इथेच. मग बिल माझ्याकडे. आमच्याकडे २५ तारखेनंतर आलेलं बिल पुढच्या महिन्यात बुक होतं, आणि सिस्टीम ६० दिवस मोजते ते बुकिंगच्या तारखेपासून. पेमेंट रन, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकदम सोडणं, महिन्यातून दोनदाच. रन एका दिवसाने हुकली तर पंधरा दिवस गेले.

बिल अडकण्याची कारणं ऐकाल तर हसाल. पीओमध्ये पार्टची ओळ ३०, बिलावर २०. डिलिव्हरी चलनावर ५०० नग, क्यूसीने १२ काढून टाकले, बिल मात्र ५०० चंच. आणि सगळ्यात जास्त वेळा अडतं ते जीएसटीवर. बरेच छोटे व्हेंडर तिमाही रिटर्नच्या योजनेत आहेत, त्यामुळे त्यांचं बिल जीएसटी पोर्टलवरच्या आमच्या २बी यादीत त्या महिन्यात दिसतच नाही. दिसलं नाही की क्रेडिट घेता येत नाही, म्हणून आम्ही जीएसटीचा भाग रोखतो. उपाय साधा आहे: तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (पोर्टलवर बिलं चढवायच्या सोयीत) चढवायची. दहातल्या सात जणांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

हेही कबूल करतो, की कधी कधी कागद चोख असतात आणि तरी वरून निरोप येतो: तिमाही संपतेय, बँकेतली शिल्लक चांगली दिसली पाहिजे, रन पुढे ढकला. त्यावर तुमच्याकडेही उपाय नाही, माझ्याकडेही नाही.

अन्नपूर्णा_डोंबिवली

माझा धंदा घरगुती. वर्षभर डबे, दिवाळीला फराळ. तुमचे लाखांचे आकडे नाहीत, पण प्रश्न तोच.

आधी फराळाचे पैसे माल नेताना घ्यायचे. म्हणजे तूप, डाळी, तेल, सुकं खोबरं, काजू हे सगळं महिना-दीड महिना आधी माझ्या पैशाने भरायचं. त्यासाठी दरवर्षी भिशी उचलायचे किंवा बांगड्या पतपेढीत जायच्या. आता ऑर्डर घेतानाच निम्मी रक्कम यूपीआयवर घेते. पूर्वी आगाऊ पैसे मागायला संकोच वाटायचा, कारण ते द्यायला माणसाला मुद्दाम घरी यावं लागायचं. आता फोनवर ऑर्डर, फोनवरच पैसे, कुणाला काही वाटत नाही.

प्रत्यक्षातला फरक विचारलात म्हणून सांगते. चणाडाळ आणि तूप मी आता श्रावण संपायच्या आत भरते, भाव चढायच्या आधी. आणि पंधरा किलोचा तेलाचा डबा एकदम घेते, लिटर-लिटरच्या पिशव्या नाहीत. शिवाय ऑर्डर देऊन ऐन वेळी 'राहू द्या, आम्ही गावी चाललो' म्हणणारे जवळजवळ संपले.

डब्यांचं मात्र उलटं आहे. एका ऑफिसचे डबे महिन्याच्या हिशेबावर लावले होते, पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीला. भाजी मला रोज रोखीत लागते. ते काम सोडलं.

कर_सल्लागार_नाशिक

कायद्याचं थोडक्यात लिहितो, कारण भोसरीकरांसारखे बरेच जण हक्क असून वापरत नाहीत.

एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा) कायदा २००६, कलम १५. लेखी करार असेल तर ठरलेली मुदत, पण ती ४५ दिवसांच्या पुढे नाही. करार नसेल तर १५ दिवस. पीओवर ६०, ९० किंवा १२० काहीही छापलेलं असो, ४५ च्या पुढचं चालत नाही. मुदत मोजायची ती माल स्वीकारल्यापासून. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल दिला तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात. म्हणजे कंपनीने बिल कधी बुक केलं याला कायद्यात काही अर्थ नाही.

कलम १६: उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के. आणि हे व्याज देणाऱ्याला आयकरात खर्च म्हणून मिळत नाही (कलम २३). तक्रार सरकारी पोर्टलवरून सुलभीकरण परिषदेकडे जाते. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

एवढं सगळं असून लोक तक्रार का करत नाहीत, हे मला विचारू नका. पुढची ऑर्डर त्याच्याचकडून हवी असते.

म्हणूनच वित्त कायदा २०२३ ने आयकरात आणलेलं ४३बी(एच) जास्त परिणामकारक ठरलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू. यात पुरवठादाराला तोंड उघडावं लागत नाही, खरेदीदाराचा ऑडिटरच यादी मागतो.

माग_इचलकरंजी

सीए साहेब, त्याच नियमाची दुसरी बाजूही लिहा की. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कापडाच्या बाजारात काय गोंधळ झाला होता! सुरतेत तर व्यापाऱ्यांनी माल परत पाठवला. आमच्याकडेही काही व्यापारी म्हणायला लागले, 'उद्यम (लघु उद्योगाची सरकारी) नोंदणी रद्द करा, नाहीतर मोठ्या गिरणीकडून माल घेतो.' ४५ दिवसांत पैसे द्यायची सवयच नाही, कारण त्यालाही पुढून चार-चार महिन्यांनी मिळतात.

आता भोसरीकरांच्या प्रश्नाचं उत्तर. आमचे स्वतःचे माग होते, स्वतःच सूत घ्यायचो आणि कापड विकायचो. सूतवाल्याला आठवड्यात पैसे, न दिले तर दिवसावर व्याज. कापडाचे पैसे दोन-तीन महिन्यांनी, त्यातही दलाली आणि वटाव कापून. सुताचा भाव वाढला की त्याच पैशात कमी सूत यायचं आणि माग बंद ठेवावे लागायचे. कापडाला मागणी असताना माग बंद, असं दोन हंगाम झालं. शेवटी वडिलांनी स्वतःचं कापड बंद केलं आणि खर्चीवर माग चालवायला दिले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आम्हाला पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी. मजुरी थोडी पण दर आठवड्याला.

म्हणजे नफा होत नव्हता म्हणून मालकी गेली असं नाही. वर्षाचा हिशेब नफ्याचाच होता, पण पैसे वेळेवर नव्हते. इचलकरंजीत, विट्यात असे कितीतरी खर्चीवाले भेटतील.

भोसरीकर

@माग_इचलकरंजी, हे वाचून थांबलो. माझ्या डोक्यात व्याजाचा हिशेब होता: ९० चे ४५ दिवस झाले तर ९ लाख मोकळे, ११ टक्क्यांनी वर्षाचे ९९ हजार वाचले. तुमच्याकडे प्रश्न व्याजाचा राहिलाच नाही.

@पलीकडच्या_टेबलावरचा, ते आयएफएफचं आजच आमच्या अकाउंटंटला पाठवलं. त्याचं उत्तर: 'साहेब, त्याने काम वाढतं.'

चाकण_चालू

आम्ही दोन वर्षांपासून ट्रेड्सवर आहोत, अनुभव लिहितो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारे हे बिल वटवण्याचे मंच आहेत. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट ही त्यातली जुनी नावं. आपण बिल चढवायचं, कंपनीने मंचावर ते मान्य करायचं, मग बँका त्यावर बोली लावतात. आपण बोली स्वीकारली की बहुतेक वेळा दुसऱ्या कामाच्या दिवशी पैसे खात्यात. मुदत संपली की बँक थेट कंपनीच्या खात्यातून वसूल करते. कंपनीने बुडवले तरी बँक आपल्या मागे लागत नाही, हे महत्त्वाचं.

दर आपली पत बघून नाही, कंपनीची पत बघून ठरतो. मला साडेआठच्या आसपास पडतो. ३ लाखांचं बिल ६० दिवसांसाठी वटवलं तर साधारण ४,२०० रुपये जातात. भोसरीकर, तुमच्या स्टीलच्या २३ टक्क्यांपुढे हे काहीच नाही.

अडचण एकच आणि मोठी. कंपनीने बिल मान्य केल्याशिवाय काहीही हलत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर यायची सक्ती झाली, आधी ही मर्यादा ५०० कोटी होती. पण सक्ती नोंदणीची आहे, बिलं मान्य करायची नाही. माझ्या तीनपैकी एका गिऱ्हाइकाने नोंदणी करून ठेवलीय आणि आजवर एक बिल मान्य केलेलं नाही.

फरक काय पडला म्हणाल तर, मी एका गिऱ्हाइकाला नाही म्हणालो. पाच महिन्यांनी पैसे देणारा, दर वर्षी भाव तोडून मागणारा. त्याचं काम सोडायची हिंमत आधी नव्हती, कारण त्याचा उशिराचा का होईना, चेक आला की पगार निघायचा.

गल्ल्यावरचा

माझं हॉटेल आहे, मिसळ-वडापाव. उधारीचा प्रश्नच नाही, आणि यूपीआयला व्यापाऱ्याकडून शुल्क नाही (जानेवारी २०२० पासून). पण लवकर पैशाच्या नावाखाली एक गंमत चालते ती सांगतो.

क्यूआर थेट बँक खात्याचा असेल तर पैसे लगेच खात्यात. एखाद्या ॲपचा व्यापारी क्यूआर असेल तर बऱ्याचदा पैसे आधी त्यांच्याकडे गोळा होतात आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे येतात. मग ॲपच विचारतं, 'आत्ता हवेत का? थोडं शुल्क लागेल.' मला पाव टक्का सांगितला होता. १०,००० वर २५ रुपये, किरकोळ वाटतात. पण एक दिवस आधी मिळण्याचे ते २५. रोज घेत राहिलात तर वर्षाला ९१ टक्के! सावकारसुद्धा लाजेल.

तरी सांगतो, शनिवारी रात्री मी कधीमधी ते बटण दाबतो. रविवारी पहाटे बटाटा-कांदा आणायला मार्केट यार्डात जावं लागतं, आणि रविवारचा गल्ला आठवड्यात सगळ्यात मोठा. माल कमी पडला तर २५ रुपयांपेक्षा कितीतरी जास्त जातात. रोजची सवय मात्र लावून घेऊ नका.

नेकारकाठचा

जर्मनीत एका मध्यम मशीन टूल कंपनीत खरेदी विभागात आहे. इथे बिलावरच छापलेलं असतं: १० दिवसांत दिलेत तर २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण. त्याला स्कोंटो म्हणतात. ही सूट चुकवली तर आमच्या वित्त विभागाचा माणूस जाब विचारतो, कारण २० दिवस पैसे उशिरा देण्यासाठी २ टक्के मोजणं म्हणजे फार महाग. म्हणून बिल आलं की चटकन पास करायची घाई खरेदीदारालाच असते.

युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार उशीर झाला तर युरोपियन सेंट्रल बँकेच्या दरापेक्षा किमान ८ टक्के जास्त व्याज आणि वर किमान ४० युरो वसुलीखर्च. पण व्याज लावल्याचं मी क्वचित पाहिलंय. काम करते ती सूटच. भोसरीकर, तुम्ही एखाद्या गिऱ्हाइकाला हे देऊन पाहिलंय का?

अण्णा_सांगली

सगळे लवकर पैशाचे गोडवे गाताय म्हणून जरा उलटं लिहितो. वय झालंय, चालवून घ्या.

आमच्या शेजारच्या फाउंड्रीला एक मोठं गिऱ्हाईक मिळालं, तीस दिवसांत पैसे. दोन वर्षं मजा. खात्यात शिल्लक दिसायला लागली, ती नफा आहे असं वाटलं आणि पोराने नवीन फर्नेसचं डाउन पेमेंट केलं. गिऱ्हाइकाचा खरेदी प्रमुख बदलला, तीसचे पंचाहत्तर झाले. फर्नेसचा हप्ता ५ तारखेलाच. मोकळं झालेलं खेळतं भांडवल लोखंडात घातलं की ते परत मिळत नाही. मोकळे झाले तर आधी सीसी खाली आणा. बाकीचं नंतर.

दुसरं असं, की इथे प्रत्येक जण वरच्याबद्दल बोलतोय. भोसरीकर, तुमचे शाफ्ट हीट ट्रीटमेंटला कुणाकडे जातात? त्याला किती दिवसांनी देता?

भोसरीकर

अण्णा, नेम बरोबर लागला. हीट ट्रीटमेंटवाल्याला आमचं गिऱ्हाईक देईल तेव्हा देतो. ९० च्या पुढे आठवडाभर. तो एकदाही बोलला नाही, पण त्याने आमचा लॉट भट्टीत शेवटी लावायला सुरुवात केली हे मला आत्ता हिशेब जुळवताना लक्षात येतंय. लॉट उशिरा आला की आमचं डिस्पॅच २५ तारखेच्या पलीकडे, आणि पलीकडच्या टेबलावरच्यांनी वर लिहिलंय त्याप्रमाणे एक महिना गेला. साखळी माझ्याच गळ्यात येते.

@नेकारकाठचा, एका मधल्या आकाराच्या गिऱ्हाइकाला देऊन पाहायचा विचार आहे. ३० दिवसांत दिलेत तर दीड टक्का. स्टीलच्या रोखीच्या भावात तो बराचसा भरून निघतो, हे वहीत मांडून पाहिलं. मोठ्या गिऱ्हाइकाकडे मात्र असलं काही चालणार नाही, तिथे सूटही घेतील आणि ९० दिवसही.

बिलं आतापर्यंत साठवून एकत्र काढत होतो, ती आता डिस्पॅचच्या दिवशीच. आणि हीट ट्रीटमेंटवाल्याला पंधरा दिवसांत.

अन्नपूर्णा_डोंबिवली

@कर_सल्लागार_नाशिक, माझी उद्यम नोंदणी नाही. ते ४५ दिवस मला लागू होतील का? आणि माझी बहीण मसाल्याची होलसेल विक्री करते, स्वतः बनवत नाही. तिला?

कर_सल्लागार_नाशिक

ताई, तुम्ही स्वतः पदार्थ बनवता, म्हणजे उत्पादक. उद्यम नोंदणी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. पैसे घेऊन करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. पण पुरवठा करण्याआधी नोंदणी हवी. नंतर काढून जुन्या बिलांवर हक्क सांगायला गेलात तर समोरचा वकील तिथेच धरतो.

बहिणीचं वेगळं. घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी. ४५ दिवस आणि ४३बी(एच) व्यापाऱ्यांना नाही.

आणि सगळ्यांनीच: उद्यम क्रमांक बिलावर छापा. खरेदीदाराच्या ऑडिटरला तुम्ही सूक्ष्म-लघु आहात हे कळलं तरच तो तुमचं नाव यादीत घेईल.

भोसरीकर

@चाकण_चालू, ट्रेड्सवर नोंदणीला काय काय लागलं? आमची प्रोप्रायटरशिप आहे.

चाकण_चालू

पॅन, आधार, उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक, आणि आमच्या वेळी बँकेकडून सही पडताळणी. शेवटच्यालाच वेळ गेला, शाखेत दोन खेटे झाले. पण त्याआधी एक करा: तुमच्या गिऱ्हाइकाला फोन करून विचारा की ते कुठल्या मंचावर आहेत आणि बिलं खरोखर मान्य करतात का. नाहीतर कागद गोळा करून बसाल आणि वटवायला बिलच नसेल.

पलीकडच्या_टेबलावरचा

फोन खरेदी विभागाला करू नका, त्यांना माहीत नसतं. ट्रेझरीला, म्हणजे कंपनीचा पैसा सांभाळणाऱ्या विभागाला करा.